त्या दोन टाक्या रिकाम्या करू नका: संस्थेच्या संचालकांना आणि नियामक मंडळाला खुले पत्र

माननीय संचालक आणि नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र आपल्यालाच आहे हे आपल्याला लगेच कळेल. इतरांना नाव कळण्यापेक्षा प्रश्न कळावा, एवढीच माझी इच्छा आहे.

गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, तळघरातल्या दोन्ही टाक्या काढतायत. नोटीस लागलीय." नोटीसचा फोटो तिने पाठवला. काळ्या आजाराच्या परजीवींचा गोठवलेला संग्रह 'यापुढे आवश्यक नाही', म्हणून ३० तारखेपर्यंत सगळ्या कुप्या ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवून, नष्ट कराव्यात आणि जागा मोकळी करावी, असा मजकूर होता. कारणं तीन दिली आहेत: आजार संपत आला आहे, संग्रहाची जबाबदारी घ्यायला शास्त्रज्ञ उरलेला नाही, आणि नमुन्यांचा डीएनए काढून ठेवला की पुरेसं आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोनदा फोन केला, ईमेल लिहिली. उत्तर आलं नाही, म्हणून आता सर्वांसमोर लिहिते आहे.

आधी माझी ओळख. मी १९८९ साली या संस्थेत प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून लागले आणि २०२१ साली वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. माझ्या नावापुढे डॉक्टर नाही. शोधनिबंधांत माझं नाव आलं तर शेवटी, आभारात. पण त्या दोन टाक्यांमध्ये द्रव नायट्रोजन भरण्याचं काम बत्तीस वर्षं माझ्याकडे होतं. लाकडी पट्टी टाकीत बुडवायची, दहापर्यंत मोजायचं, बाहेर काढून हवेत हलवायची. पट्टीवर जिथपर्यंत पांढरं दव धरतं, तिथपर्यंत नायट्रोजन. ते सेंटिमीटर वहीत लिहायचे. पातळी खाली गेली तर आतलं उणे १९६ अंशांचं तापमान टिकत नाही, आणि वरच्या कांड्यांमधल्या, म्हणजे कुप्या अडकवायच्या दांड्यांमधल्या, कुप्या आधी मरतात. दिवाळीच्या पाडव्याला मी सकाळी आधी तिकडे जायचे, मग घरी ओवाळायला. २०२० च्या टाळेबंदीत पोलिसांचा पास दाखवून बोपोडीहून स्कूटरने यायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सुरक्षारक्षक दादा दार उघडायचे, मी पट्टी बुडवून आकडा लिहायचे आणि परत जायचे. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. त्या टाक्यांत काय आहे ते मला ठाऊक आहे, ते कसं ठाऊक आहे एवढंच सांगायचं आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत सरांबरोबर मी मुजफ्फरपूरला गेले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख; आता ते नाहीत. उत्तर बिहारात तेव्हा काळ्या आजारावर दिलं जाणारं सोडियम अँटिमनी ग्लुकोनेट निम्म्याहून अधिक रुग्णांना लागू पडेनासं झालं होतं. महिनाभर रोज एक इंजेक्शन, आणि शेवटी ताप तसाच. वॉर्डात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बॉलपेनने रेघ ओढली होती, पानथरी (प्लीहा) कुठपर्यंत वाढली आहे ते दाखवणारी. रेघ बेंबीच्या खाली होती. महिन्याच्या इंजेक्शनांनंतरही ती वर सरकली नव्हती. त्या इंजेक्शनांसाठी वडिलांनी शेत गहाण टाकलं होतं.

पानथरीतून नमुना घेणं सोपं नसतं. बारीक सुई, एका क्षणाचं काम, आणि नंतर मुलाला दिवसभर पाठीवर झोपवून ठेवायचं, आत रक्तस्राव झाला तर लक्षात यावं म्हणून. त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी तिला हिंदीत समजावलं की हा नमुना आम्ही पुण्याला नेणार, त्यातले जंतू वाढवणार, आणि औषध का चालत नाही ते शोधणार. तिने विचारलं, "इसको फायदा होगा?" मी म्हणाले, "इसको शायद नहीं, लेकिन बाद में किसी को होगा. हम संभाल के रखेंगे." तिने मान हलवली. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा आहे. शब्द मात्र मी दिला होता.

जंतू वाढवायच्या, सशाच्या रक्ताच्या माध्यमावरच्या त्या नळ्या डब्यात डबा घालून, वर शाल गुंडाळून, रेल्वेने पुण्याला आणल्या. सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तर लांबुडके, शेपटीवाले जीव वळवळत होते. नळीवर मी टेप लावली: एम १७. पुढे काही महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं की अँफोटेरिसिन या दुसऱ्या औषधाच्या सलाइननंतर मुलाचा ताप उतरला आणि तो घरी गेला. एम १७ आजही दुसऱ्या टाकीत, तिसऱ्या कांडीवर आहे. आपल्या नोटीसप्रमाणे तो ३० तारखेला जाणार.

आता मुद्द्याचं. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी काळ्या आजाराचं नावही ऐकलेलं नसेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आजार वाळूमाशीच्या चाव्यातून होतो. परजीवीचं नाव लिशमेनिया डोनोव्हनी. १९०३ साली विल्यम लिशमन आणि मद्रासमधले चार्ल्स डोनोव्हन यांनी त्याचं वर्णन केलं. हा जीव आपल्या शरीरात नेमका कुठे राहतो, तर जंतू गिळून मारणाऱ्या भक्षक पेशींमध्ये. शत्रूच्या पोटातच घर. भक्षक पेशी जंतू गिळला की त्याच्यावर सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड असे जळजळीत रेणू सोडते. बहुतेक जंतू त्यात जळून जातात. लिशमेनिया जळत नाही, कारण त्याच्याकडे स्वतःची ढाल आहे.

आपल्या पेशींमध्ये अशा रेणूंना निकामी करायला ग्लुटाथायोन असतं. लिशमेनियाकडे त्याचं जोडरूप आहे: दोन ग्लुटाथायोन आणि त्यांना बांधणारा स्पर्मिडिन. त्याला ट्रायपॅनोथायोन म्हणतात. १९८५ साली ॲलन फेअरलॅम्ब आणि अँथनी सेरामी यांनी ते शोधलं. हे वापरलं गेलं की पुन्हा ताजं करायला परजीवी एक खास विकर (एन्झाइम) वापरतो, ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज. पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज नावाचं विकर आपल्याकडे असतं, लिशमेनियाकडे नसतं. म्हणजे त्याची सगळी भिस्त या एका साखळीवर. माणसात ही साखळी नाही, त्यामुळे तिच्यावर घाव घातला तर रोग्याला इजा न होता परजीवी मरावा, असं जगभरच्या लोकांना वाटलं, आणि ते बरोबरच होतं. अडचण अशी की ते विकर जवळजवळ पूर्ण बंद पाडावं लागतं. थोडं जरी चालू राहिलं तरी परजीवी तगतो. त्यामुळे त्यावर खास बेतलेलं औषध अजून दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही.

त्या महिनाभराच्या इंजेक्शनांतलं अँटिमनी मात्र नकळत याच ढालीवर घाव घालत होतं. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचं औषध दिलं आणि असंख्य जीव वाचवले, तेव्हा हे सारं कुणाला माहीत नव्हतं. शरीरात अँटिमनीचं रूप बदलतं, आणि बदललेलं अँटिमनी ट्रायपॅनोथायोनची घडी विस्कटतं. मग परजीवीने काय केलं? त्यातल्या काहींनी ढाल जाड केली. ट्रायपॅनोथायोन जास्त बनवायचं, त्याने अँटिमनीला बांधायचं आणि ती मोट पेशीतल्या पिशवीत कोंडायची किंवा बाहेर टाकायची. शिवाय औषध आत येण्याची वाट अरुंद करायची. जी ढाल भक्षक पेशीपासून वाचवते, तीच औषधापासूनही वाचवू लागली. औषधाला दाद न देणारा परजीवी दुबळा असेल असं आपण धरून चालतो. भारत-नेपाळमधल्या अशा काही परजीवींमध्ये उलट रोग्याच्या शरीरात तग धरण्याची ताकदही जास्त दिसली आहे. मला या सगळ्यात सर्वांत भीतिदायक हेच वाटतं.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. थायोल, म्हणजे ट्रायपॅनोथायोनसारखे गंधकवाले रेणू, मोजायला डीटीएनबी नावाचं रसायन वापरतात. थायोल असेल तितका पिवळा रंग चढतो. आम्ही औषधाने बऱ्या झालेल्या रोग्याचा परजीवी आणि एम १७, दोन्ही सारख्या संख्येने मोजून घेतले, फोडले, गाळले आणि रसायन घातलं. एक नळी लिंबाच्या सरबतासारखी फिकट. एम १७ ची नळी हळदीच्या पाण्यासारखी. यंत्रावर ४१२ नॅनोमीटरला आकडा नंतर आला, पण त्याआधीच सर खिडकीपाशी दोन्ही नळ्या उजेडात धरून उभे होते आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता आपल्या तीन कारणांकडे येते.

आजार संपत आला, हे पहिलं कारण. मला त्याचा मनापासून आनंद आहे. बिहार-झारखंडच्या गावागावांत फवारणी करणाऱ्यांनी आणि आशा कार्यकर्तींनी ते घडवलं आहे. पण ठरलेलं उद्दिष्ट होतं ते 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन', म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये १०,००० लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण. याचा अर्थ शून्य नव्हे. काळा आजार बरा झाल्यावर काही जणांच्या त्वचेवर महिन्यांनी, कधी वर्षांनी, फिकट चट्टे आणि गाठी येतात. त्यांना ताप नसतो, ते दवाखान्यात जात नाहीत, आणि वाळूमाशीला त्यांच्यातून परजीवी मिळत राहतो. आणि आपण एकदा फसलेलो आहोत. १९५० आणि ६० च्या दशकांत हिवतापासाठी डीडीटी फवारलं गेलं, त्याने वाळूमाशीही मेली, आणि काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. फवारणी थांबली. १९७० च्या दशकात उत्तर बिहारात तो साथ होऊन परतला.

आजार कमी झाला हे संग्रह फेकायचं कारण कसं होतं, हे मला खरोखर समजत नाही. रुग्ण कमी झाले म्हणजे नवे नमुने मिळणं कमी झालं. १९९८ चे परजीवी हे मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यायचं औषध यायच्या आधीचे आहेत. भारतात ते औषध २००२ साली मंजूर झालं. एका डोसच्या लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या) अँफोटेरिसिनच्याही ते कितीतरी आधीचे. मिल्टेफोसिन आल्यावर दहा वर्षांच्या आत रोग उलटण्याचं प्रमाण वाढू लागलं. उद्या अँफोटेरिसिनला दाद न देणारा परजीवी सापडला, तर विचारावं लागेल: हा बदल नवा आहे, की हे अँटिमनीच्या काळापासूनचं जाड ढालीचं वाण आहे? त्याचं उत्तर द्यायला औषधाआधीचा जिवंत परजीवी शेजारी ठेवावा लागतो. तो काळ परत येणार नाही. ते नमुने पुन्हा कुणालाही गोळा करता येणार नाहीत.

याच्याशी निगडित आणखी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर अजून पूर्ण लागलेलं नाही. बिहारच्या अनेक भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे, आणि आर्सेनिक आणि अँटिमनी ही मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच उभ्या रांगेतली भावंडं. डंडी विद्यापीठातल्या गटाने २०१३ साली दाखवलं की आर्सेनिकयुक्त पाणी पाजलेल्या उंदरांमध्ये परजीवी वाढवत नेला तर तो अँटिमनीला दाद देईनासा होतो. बिहारात खरंच असंच झालं का, हे ठामपणे सांगता येत नाही. पण आमच्या वहीत प्रत्येक नमुन्याचं गाव लिहिलेलं आहे. ज्याला हे तपासायचं असेल त्याने जायचं कुठे?

दुसरं कारण, जबाबदार शास्त्रज्ञ नाही. हे खरं आहे, आणि ते दुःखद आहे. सर निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. पण जागा न भरण्याचा निर्णय कुणी घेतला? आधी माणूस द्यायचा नाही आणि मग माणूस नाही म्हणून काम मोडायचं, हे योग्य नाही. निर्णय घेणाऱ्या समितीत परजीवींवर काम केलेलं एकही माणूस नव्हतं, असं मला कळतं. तसं नसेल तर कृपया जाहीर करा, मी जाहीरपणे माफी मागेन.

तिसरं कारण ऐकायला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, म्हणून ते जास्त घातक आहे. डीएनए काढून ठेवला की झालं? लिशमेनियाच्या बाबतीत तर हे मुळीच खरं नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या प्रती कमीजास्त होत राहतात, औषधाच्या दबावाखाली काही जनुकांच्या जादा प्रती बनतात, आणि कुठलं प्रथिन किती बनायचं हे बरंचसं जनुकाच्या पुढच्या पायऱ्यांवर ठरतं. डीएनए वाचून त्या दोन नळ्यांतला पिवळेपणा कळत नाही. परजीवी भक्षक पेशीत किती तगतो, नवं औषध त्याला मारतं का, हे डीएनएच्या कुपीला विचारता येत नाही. तोंडाने घ्यायची नवी औषधं आज चाचणीत आहेत. ती आपल्या मातीतल्या परजीवींवर तपासायची असतील तर जिवंत परजीवीच लागतील. आणि जिवंत म्हणजे गोठवलेलेच. माध्यमात सतत वाढवत ठेवले तर त्यांची रोग करण्याची ताकद हळूहळू जाते, जादा प्रतीही गळतात. म्हणून सरांनी प्रत्येक नमुना पहिल्या-दुसऱ्या पिढीतच गोठवायला लावला होता. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा.

यात आणखी एक गोष्ट मला फार लागली. टाक्यांबरोबर तीन मोठ्या नोंदवह्या रद्दीत जाणार आहेत, असं त्या विद्यार्थिनीने सांगितलं. त्या वह्यांत रोग्याचं वय, गाव, किती इंजेक्शनं झाली, पानथरी किती सेंटिमीटर, औषध लागलं की नाही, हे सगळं आहे. वहीशिवाय कुपी मुकी आहे. टेप अजून टिकली असली तरी एम १७ म्हणजे काय हे फक्त वही सांगते.

मला आपल्यावर आरोप करायचे नाहीत. संस्थेने मला घर चालवायला पगार दिला, माझ्या मुलीचं शिक्षण त्यावर झालं, आणि नववी-दहावीत विज्ञानाला घाबरणाऱ्या माझ्यासारखीला तिथे विज्ञान शिकायला मिळालं. नायट्रोजनचा खर्च दर महिन्याला होतो, जागा अपुरी आहे, नव्या विषयांना जागा हवी, हे मलाही कळतं. म्हणूनच मागण्या आपल्याला उद्या सकाळी पूर्ण करता येतील अशाच करते आहे.

नोटीस तात्काळ स्थगित करा आणि ३० तारखेला एकही कुपी बाहेर काढू नका. परजीवीशास्त्राची जाणकार माणसं घेऊन नवी समिती बसवा. तिचं इतिवृत्त लोकांना वाचता येईल असं ठेवा.

संग्रह आपल्याकडे ठेवणं शक्यच नसेल तर तो दुसरीकडे द्या. आपल्या पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींचं भांडार तिथे आहे आणि लिशमेनियावरचं कामही तिथे झालं आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह वर्षानुवर्षं जपला जातो. पाटण्यात राजेंद्र स्मारक संशोधन संस्था काळ्या आजारावरच काम करते. त्यांना पत्र लिहा, विचारा. प्रत्येक नमुन्याच्या निदान दोन कुप्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, म्हणजे एका टाकीचं झाकण नादुरुस्त झालं म्हणून सगळं जाणार नाही.

नोंदवह्या रद्दीत देऊ नका. त्यांची पानं स्कॅन करा, रोग्यांची नावं झाका, आणि नमुन्यांची यादी संशोधकांसाठी खुली करा. हे काम करायला माणूस नसेल तर मी येते. आठवड्यातून दोन दिवस, मानधनाशिवाय. अक्षर बहुतेक माझंच आहे आणि कुठल्या संक्षेपाचा अर्थ काय ते मला अजून आठवतं. कांड्या हाताळायला एखादी विद्यार्थिनी बरोबर द्या. हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल, कुपी सदतीस अंशांच्या पाण्यात झटकन वितळवण्याची पद्धत, सगळं मी तिला शिकवीन.

आणि नमुने कुणाचे होते, याचा विचार निर्णयाच्या कागदावर लेखी असावा. ते संस्थेने विकत घेतलेले नाहीत. ज्यांच्याकडे गहाण टाकायला एक शेत होतं, त्यांनी ते दिले आहेत.

जाता जाता एक तातडीचं. ती विद्यार्थिनी म्हणाली की नोटीस लागल्यापासून नायट्रोजन भरणंही थांबलं आहे, कारण टाक्या जाणारच आहेत. असं असेल तर ३० तारखेची वाट बघायची गरजच उरणार नाही. कृपया आजच कुणाला तरी तळघरात पाठवा. लाकडी पट्टी दुसऱ्या टाकीच्या मागे भिंतीला टेकवलेली असते. दव पंधरा सेंटिमीटरच्या खाली आलं असेल तर लगेच भरायला सांगा. कुणी नसेल तर मला फोन करा, माझा क्रमांक आस्थापना विभागात आहे. मी अर्ध्या तासात पोचते.

आपली नम्र,
एक निवृत्त वरिष्ठ तंत्रज्ञ
बोपोडी, पुणे